रक्तातला सातबारा

मी दहावीला विज्ञान शिकवायचे. शिकवायचे म्हणजे पुस्तकात जे छापलेलं असेल ते फळ्याकडे तोंड करून मोठ्या आवाजात सांगायचे. आनुवंशिकतेचा धडा आला की मात्र माझी कळी खुलायची, कारण त्यात वाटाणे होते. उंच वाटाणा, बुटका वाटाणा, गुळगुळीत वाटाणा, सुरकुतलेला वाटाणा. त्यापुढे शास्त्र माणसापर्यंत पोचलंय हे मी ऐकून होते, पण माझं स्वतःचं शास्त्र वाटाण्यापाशी सुरू होऊन वाटाण्यापाशीच संपत होतं. घरी उसळ केली की नवरा ताटाकडे बघून विचारायचा, "हे जेवण आहे की उद्याचा तास?"

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नवरा तळोज्याला एका केमिकल कंपनीत लागला, मला शाळा मिळाली, आणि खांदेश्वरजवळच्या एका आगरी गावात आम्ही खोली भाड्याने घेतली. मालकीणबाईंना अख्खा गाव काकी म्हणायचा, म्हणून आम्हीही काकीच म्हणायला लागलो. काकींचा नवरा वारलेला. एकुलता एक मुलगा पंचविशीचा, तुर्भ्याच्या मार्केटमधून भाजीचा टेंपो चालवायचा. अंगणाच्या पलीकडे काकींच्या थोरल्या दिरांचं घर. मधे एक शेवग्याचं झाड होतं आणि त्याच्या शेंगा कोणाच्या, यावर दोन्ही घरांत वर्षभर बोलाचाली चालायची. काकींचा आवाज असा, की त्या कुजबुजल्या तरी दिरांच्या घरातली भांडी खणखणायची.

नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. गावाची भातखाचरं आणि मिठागरं नव्या शहरासाठी सरकारने आधीच घेतली होती. आता त्या जमिनीच्या साडेबारा टक्के प्लॉट मूळ मालकाला, तो नसेल तर त्याच्या वारसांना परत मिळणार होता. त्यामुळे पारावर, दुकानात, नळावर, कुठेही उभं राहिलं तरी तीन शब्द कानावर यायचे. नकाशा, वारस आणि नोंद. नकाशात आपला प्लॉट कुठे आहे, वारसांत कोणाकोणाची नावं आहेत आणि नोंद झाली की अडकली. माणसं एकमेकांना "कसा हाय?" विचारायच्या आधी "नोंद झाली का?" विचारायची.

अशा गावात एक दिवस मुंबईच्या एका संशोधन संस्थेतून एक डॉक्टरीणबाई आल्या. खांद्याला पिशवी, हातात बर्फाचा डबा. डबा बघून नाक्यावरच्या दोघीतिघींनी कोलंबी केवढ्याला असं विचारलं. डॉक्टरीणबाई कोलंबी विकत नव्हत्या. त्या वेळी जगभरातले शास्त्रज्ञ मिळून माणसाच्या जनुकांचा नकाशा काढत होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच किनाऱ्यावर राहिलेल्या, जवळपासच्या गावांतच सोयरीक करणाऱ्या लोकांचं थोडं थोडं रक्त त्यांना अभ्यासाला हवं होतं. प्रत्येकाला नीट समजावून, त्याच्या राजीखुशीनेच ते घ्यायचं, असा त्यांचा कडक नियम. पण डॉक्टरीणबाईंचं मराठी पुस्तकातलं होतं. "आपण सुज्ञ संमती प्रदान कराल काय?" असं त्यांनी एका आजींना विचारलं, तर आजींनी घाबरून घरातली पाच केळी आणून दिली.

कुणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवलं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई म्हणून.

"तुम्ही सोप्या भाषेत सांगाल का लोकांना?" त्या म्हणाल्या.

"सोपं करून सांगणं हेच तर माझं काम," मी म्हणाले. नवरा कोपऱ्यात पेपर वाचत होता. पेपर हलायला लागला, म्हणजे मागे तो हसत होता.

रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात लोक जमले. मी पदर खोचून उभी राहिले. समोर एवढे मोठे विद्यार्थी मला पहिल्यांदाच मिळाले होते, त्यामुळे आवाज जरा चढलाच. आधी जनुक शब्द टाकून बघितला, तो कोणीच उचलला नाही. मग मी सोपं केलं.

"हे बघा, आपल्या प्रत्येकाच्या रक्तात आपल्या वाडवडिलांची नोंद असते," मी म्हणाले.

मंडपातली सगळी डोकी एकदम वर झाली.

"आपल्याला काय काय वारसा मिळाला, ते सगळं त्यात असतं. कोणाचं काय, कोणाकडून आलं, सगळं. शास्त्रज्ञ त्याचाच आता मोठा नकाशा काढतायत. त्यात आपलाही गाव यावा म्हणून या बाई आल्यात."

माझ्या अख्ख्या नोकरीत एवढी एकाग्र मुलं मी पाहिली नाहीत. मागे उभे असलेले पुढे येऊन बसले. एकाने बिडी विझवली. काकींचे थोरले दीर पहिल्या रांगेत होते. त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजे बाई, रगतान सातबारा हाय म्हना."

मला ती उपमा इतकी आवडली की मी म्हणाले, "अगदी बरोबर! रक्तातला सातबारा!"

डॉक्टरीणबाईंना सातबारा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांनीही मान डोलावली.

दुसऱ्या रविवारी रक्त घ्यायचं ठरलं होतं. दहा जण आले तरी पुष्कळ, असं डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. आम्ही देवळात पोचलो तर रांग पार तळ्यापर्यंत गेलेली. लोक आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून आले होते. प्रत्येकाच्या काखेत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, वडिलांचा फोटो. एकाने विचारलं, रक्त डाव्या हाताचं द्यायचं का उजव्या, कारण तो सही उजव्या हाताने करतो. एकाचा भाऊ दुबईला होता. त्याच्या वतीने दोनदा टोचून घ्यायची त्याची तयारी होती, शिवाय मुखत्यारपत्र बरोबर आणलं होतं. एक सुईला घाबरणारे गृहस्थ जावयाला पुढे करून म्हणाले, "याचा घ्या, घरचाच हाय."

"किती जागरूक गाव आहे हो!" डॉक्टरीणबाई भारावून मला म्हणाल्या. मीही भारावलेलीच होते. माझ्या भाषणाचा हा परिणाम आहे असं मला वाटत होतं, आणि दुर्दैवाने ते खरं होतं.

थोरले दीर दोन मुलांना घेऊन आले. बाही वर करून त्यांनी हात पुढे केला. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त चढायला लागलं तसे ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता काय लपत नाय. कोन कोनाचा, ता रगतच सांगल. ज्याचा त्याला मिलल."

रांगेतल्या दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एकजण मला म्हणाली, "बाई, काकी नाय आल्या?"

खरंच, काकी आल्या नव्हत्या. ज्या काकी पोलिओच्या डोसालाही गर्दी बघायला जायच्या त्या गावात एवढं चालू असताना घरी? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लोक जनुकांच्या नकाशासाठी नव्हे, प्लॉटच्या नकाशासाठी रक्त देत होते. आणि काकी कशासाठी देत नव्हत्या, ते विचारायला मी घरी पळाले.

काकी मोरीपाशी बसून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, साफ करत होत्या. जिवंत चिंबोरीची नांगी त्या भेंडीचं देठ काढावं तशी मोडायच्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बायो, रगत बोलतंय का?"

"म्हणजे?"

"म्हंजे, पोऱ्या कोनाचा ता सांगतंय का?"

मग काकींनी सांगितलं. मुलगा त्यांच्या पोटचा नव्हता, धाकट्या बहिणीचा होता. बहीण बाळंतपणात गेली आणि काकींनी ओलं बाळ पदरात घेतलं. कागद केला नाही, कारण त्या काळी कोणी करत नसे. सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त कोणी बोलत नसे. आता प्लॉट यायची वेळ आली तसे दीर शेवग्याखाली उभे राहून बोलायला लागले होते. पोराचं नाव वारसांतून निघालं, तर नवऱ्याच्या वाटणीचा अर्धा प्लॉटही दिरांकडे जाईल, अशी काकींना धास्ती होती.

"पोऱ्याला माहिती आहे?" मी विचारलं.

"शालेतच कोनीतरी सांगला. घरी येऊन बोलला, 'आये, मी तुझा नाय का?' मी बोलली, 'नायस, तर जेवायला कनाला आलास?' जेवला."

काकींनी आणखी एक नांगी मोडली. मग आवाज इतका खाली आणला की तो काकींचाच आहे यावर माझा विश्वास बसेना. "आनि भावजींचा पन सांगल का गं?"

"त्यांचं काय?"

"ही जमीन कोनाची? आमच्या आजेसासऱ्यांची. तो म्हातारा मिठागराच्या बांधावर मिललेला पोर. कोनी ठेवला, काय ठाव नाय. त्यांच्या आयला मूल नव्हता. तिनी उचलला. सासूबायनी मना मरताना सांगला. भावजींना पन ठाव हाय. पन त्यांना वाटतंय मना नाय ठाव."

मी खाली बसले. "मग काकी, हे तुम्ही त्यांच्या तोंडावर का नाही सांगत? ते मुकाट बसतील."

"त्यांच्या पोरांची लग्ना व्हायची हायत. आनि भावजी बुडले तर आमी नाय बुडनार? एकाच होडीन हाव ना गो." मग एकदम मूळच्या आवाजात, "पन तू बोललीस ना, रगतान सगला लिवलाय! मंग आता आमचा कोनाचाच काय नाय राहनार! कनाला शिकवतस असला?"

दिरांच्या घरात एक भांडं पडलं.

मी परत देवळाकडे धावले. डॉक्टरीणबाईंना बाजूला घेतलं आणि नावं न घेता विचारलं, "तुमच्या तपासणीत कोण कोणाचं मूल ते कळतं का हो?"

"आम्ही ते शोधत नाही. नळ्यांवर नावंसुद्धा नाहीत, आकडे आहेत."

"पण समजा, न शोधता दिसलं तर?"

"बापलेकांचं रक्त शेजारी शेजारी तपासलं तर दिसू शकतं."

"मग काय करता?"

"गप्प बसायचं असं आम्ही ठरवलंय. पण सांगावं की गप्प बसावं, यावर मोठमोठ्या परिषदांत अजून वाद चालू आहेत."

आमच्या गावात वाद नव्हता. पंचवीस वर्षं सगळे व्यवस्थित गप्प बसले होते. मधे मी भाषण केलं.

मग मी त्यांना सातबारा म्हणजे काय ते सांगितलं. आधी त्यांना समजेना. समजलं तेव्हा त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. "म्हणजे हे लोक प्लॉट मिळेल म्हणून रक्त देतायत? मग ही संमती नव्हेच. मला यातला एक थेंबही वापरता येणार नाही." बर्फाच्या डब्याचं झाकण त्यांनी असं लावलं, की मला वर्गाबाहेर काढल्यासारखं वाटलं.

पुन्हा मंडपात सगळ्यांना बसवलं. मी पुन्हा उभी राहिले, या वेळी पदर न खोचता. सांगितलं की या रक्ताचा आणि प्लॉटचा काडीचा संबंध नाही. हा नकाशा वेगळा. यात गटनंबर नाहीत. वारसा म्हणजे नाकडोळे, उंची, आजार, असलं काहीतरी. जमीन नव्हे.

कोणाचाही विश्वास बसला नाही.

"बाईना वरून दाबला," मागून एकजण म्हणाला.

"मागल्या रविवारी तर बोलल्या, सगला लिवलेला हाय!"

"बाई, नाकडोल्यांचा नकाशा कोन काढंल? रिकामी हायत का सगली?"

थोरले दीर हात वर करून उठले. "ता काय नाय. आमचा रगत तपासा, पैसे मी देतो. आनि समोरच्या घरातला बी तपासा. होऊन जाऊ दे."

समोरचं घर म्हणजे कोण ते मंडपात सगळ्यांना कळलं. टेंपोवरून थेट आलेला काकींचा मुलगा खांबाला टेकून उभा होता. त्याने मान खाली घातली. मला वाटलं जमीन दुभंगावी, मग तिचा साडेबारा टक्के कोणालाही जावो.

तेवढ्यात पायरीवरून आवाज आला. कुजबुज नव्हती ती.

"भावजी!"

काकी चिंबोरीच्या हातांनीच आल्या होत्या. सगळ्यांनी वाट दिली. दिरांच्या समोर उभ्या राहून अगदी गोड आवाजात त्या म्हणाल्या, "सासूबायनी मना जाताना एक गोष्ट सांगलेली. आजेसासऱ्यांची. मिठागराची. हितं सांगू, का घरी च्या घ्यायला येता?"

दिरांचा वर केलेला हात वरच राहिला. बाकी मंडपाला काहीच कळलं नाही. मिठागर तर सगळ्यांचंच होतं. पण दिरांचा चेहरा वाटाण्याच्या धड्यातला झाला. गुळगुळीत होता तो बघता बघता सुरकुतला.

"च्या?" ते म्हणाले.

"आल्याचा."

"चला."

दोघं अंगणाकडे गेली. मंडपातले सगळे त्या दिशेला बघत बसले. चहा बराच वेळ चालला. परत आले तेव्हा दिरांच्या मिशीला साय लागलेली होती. खांबापाशी जाऊन त्यांनी पुतण्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचा पोर तो आमचा पोर. रगत तपासून कवा कोनाचा भला झालाय? बाई बोलतान ता खरा हाय." माझ्या बोलण्याला त्या गावात मिळालेला तो एकमेव दुजोरा.

ते बोलले तशी हवाच बदलली. एक म्हणाला, मग आमचं रक्त परत द्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आम्ही ते रीतसर नष्ट करू. "नष्ट कनाला? आमचा हाय, आमाला दे!" शेवटी वहीतले आकडे जुळवून ज्याची त्याला नळी मिळाली. लोक पिशवीत रेशनकार्डाशेजारी आपापलं रक्त घेऊन घरी गेले. एका आजींनी ते नारळाच्या बुंध्याशी ओतलं, आणि पुढे त्या झाडाचे नारळ मोठे झाले असं त्या सांगतात. थोरले दीर जांभळ्या टोपणाची नळी शर्टाच्या खिशात पेनाशेजारी लावून संध्याकाळभर हिंडत होते. नवरा रविवारची पाळी करून आला, त्याने ते बघितलं आणि मला फक्त एवढंच विचारलं, "वाटाणा कुठवर आला?"

पुढे काही महिन्यांनी प्लॉट मिळाला. दोन्ही घरांना निम्मा निम्मा, काकींच्या हिश्शावर मुलाच्या नावासह. शेवग्याच्या शेंगांचं भांडण मात्र तसंच राहिलं, नाहीतर दोन्ही घरांना करमलं नसतं.

आणि एक दिवस डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. त्या या वेळी स्वतः बोलल्या, आणि मला फक्त अडेल तिथे शब्द सुचवायला सांगितलं. वारस, नकाशा, नोंद हे शब्द त्यांनी पिशवीतूनच काढले नाहीत. रक्त कशाला हवंय, कोण बघणार, काय कळू शकतं, काय सांगणार नाही, नको असेल तर नको म्हणा, असं सगळं त्यांनी इतकं स्वच्छ सांगितलं की निम्मा मंडप उठून घरी गेला. बाकीच्यांत काकी पुढेच बसल्या होत्या, गर्दी बघायला.

"काकी, तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाय गो बायो," काकी म्हणाल्या. "मना सुईचा भेव वाटतं."

जिवंत चिंबोरीची नांगी मोडणारी बाई. मी छताकडे बघितलं.

डॉक्टरीणबाईंनी दिरांकडे पाहिलं. मागच्या खेपेला बाही वर करून पुढे आलेले दीर घसा साफ करून म्हणाले, "मना पन. पहिल्यापासून."

त्यांची दोन्ही मुलंही म्हणाली, आम्हालाही. डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांना वाटलं ही घरगुती गंमत आहे. "बघा, सुईची भीतीसुद्धा तुमच्या घराण्यात वारशानेच आलेली दिसते!"

सगळे हसले. हसण्याच्या भरात काकींचा मुलगा उठला, बाही वर सरकवत म्हणाला, "मना नाय वाटत भेव. माझा घ्या."

दिरांनी काकींकडे पाहिलं. काकींनी मुलाच्या शर्टाचं टोक धरलं आणि त्याला असं खाली ओढलं की तो बसताना शेजाऱ्याच्या मांडीवर गेला.

"वाटतंय तुना!" काकींचा आवाज पार तळ्यापर्यंत गेला असेल. "तुझ्या बापसाला वाटायचा, आज्याला वाटायचा, तुना बी वाटतंय! बस गपचूप!"

तो आयशीकडे बघत राहिला. मग काकाकडे. मग बाही हळूहळू खाली आली आणि त्याने मनगटाचं बटणही लावलं.

"हां आये," तो म्हणाला. "खरा हाय. वाटतंय. जाम वाटतंय."